पास

माझ्या बापाचा उजवा अंगठा जांभळा होता.
जन्मापासून नव्हे, नोकरीपासून.
छावणीच्या कत्तलखान्यात तो शिक्केवाला,
पगार अठरा रुपये, वर महिन्याला दोन साबणवड्या,
आणि त्या वड्यांनी ती शाई कधी निघाली नाही.

पहाटे चारला कंदील घेऊन निघायचा.
कावसजी डॉक्टर सुरी फिरवणार,
बाप काळीज तळहातावर उलटं धरणार.
आत पानासारखे चपटे किडे, तर काळीज बाद.
फुप्फुसात मोत्यांसारखे दाणे, तर अख्खं धूड बाद,
रॉकेल ओतून खड्ड्यात.
नाहीतर मांडीवर गोल शिक्का, ठप्प,
आणि कुणी विचारो न विचारो, तोंडाने : पास.

घरीही हात तसाच चाले.
मला ताप आला की गळ्याखालच्या गाठी चाचपायचा,
दुधी घेताना देठाशी दाबून बघायचा.
वाचता येत नव्हतं, तरी माझ्या प्रगतिपुस्तकावर अंगठा फिरवायचा
आणि नेमका गणितापाशी थांबायचा.

मंडईच्या दारावरची नियमांची पाटी त्याला पाठ होती :
भिंतींना वर्षातून दोनदा चुना.
ओंडका रोज रात्री खरवडून मिठाने घासावा.
दुकानात कोणी निजू नये.
माल उघडा नेऊ नये, पाटीवर जाळी असावी.
त्यापुढे एक कलम होतं, खोकणाऱ्या माणसाबद्दल.
ते म्हणताना तो आवंढा गिळायचा.

भोपळे चौकात हाजराबी बसायची,
पाये, वजडी, मुंड्या.
ना परवाना, ना जाळी; माश्या हाकायला खजुरीचा पंखा.
"या माश्यांना मी ओळखते," म्हणायची,
"बाहेरच्या नाहीत."

आखाडातला शेवटचा रविवार,
सगळं पुणं पिशव्या घेऊन रांगेत.
साहेबांनी बोट दाखवलं. बापाने फिनेल ओतलं.
पाटीत दूध सांडल्यासारखं पांढरं झालं.
ती ओरडली नाही.
एकेक पाया उचलून निथळत बसली,
पंखा मांडीखाली दाबून.

त्या रात्री आई खोकत होती.
आमच्या खोलीत तो आवाज घड्याळासारखा,
असला तर ऐकू येत नसे.
बाप भिंतीकडे तोंड करून पडलेला.
सकाळी दहा-दहा फुप्फुसं उघडून बघणारा माणूस,
हे एक त्याला उघडता येत नव्हतं.

दार वाजलं.
हाजराबी. हातात डेगची, तोंडाला फडकं,
फडक्यावर पिठाची चाळणी पालथी.
"पायांचा रस्सा आहे, तुझ्या बायकोच्या छातीला.
पाये इमामभाईकडचे, तुझ्याच शिक्क्याचे.
जाळी लावलीय, बघून घे."

बाप बराच वेळ उंबऱ्यात उभा.
मग चाळणी उचलली, फडकं उचललं,
वास घेतला. अंगठा बुडवला, चाखला.
पास म्हणाला असावा.
आवाज आला नाही, ओठ हलले.

आईने तीन घोट घेतले
आणि वाटी माझ्याकडे सरकवली.
बाप बघत होता. त्याला कलम पाठ होतं.
मी प्यायलो.

आई संक्रांत बघू शकली नाही.

पुढे त्याच कचेरीत मी कारकून लागलो.
जुन्या परवान्यांच्या गठ्ठ्यात हाजराबीचा अर्ज सापडला,
पुढच्याच चैत्रातला, मंजूर.
साक्षीदाराच्या जागी सही नाही, अंगठा आहे,
आणि तो कचेरीच्या काळ्या शाईतला नाही.

चाळणी आमच्याकडेच राहिली.
ती मागायला आली नाही, आम्ही नेऊन दिली नाही.
कड वाकलीय, पितळ काळं पडलंय.
भोकं मी उजेडात धरून तपासलीत, एकूण एक.
माशी जात नाही.